‘उकाडा’ आणि कोरडं ऊन एकच का?

रत्नागिरीकर:
मे महिन्यात बातमी ठरलेली: ‘विदर्भात उकाडा वाढला, पारा ४५ वर.’ माझ्या मते इथे शब्द चुकतो. उकाडा ‘उकडणे’वरून आला आणि उकडायला पाणी नाहीतर वाफ लागतेच. मोदक उकडतात, वांगं भाजतात. हवेत बाष्प गच्च, वारा पडलेला, अंगावरचा घाम वाळत नाही, तो उकाडा. चंद्रपूरच्या उन्हात माणूस भाजून निघतो.

नागपूरकर:
साफ अमान्य. ४५ असो की ३५, आम्ही ‘लय उकडून राह्यलं’ असंच म्हणतो. शब्द जिथून निघाला तिथेच बांधून ठेवायचा का? ‘तेल’ तिळावरून आलं, म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणायचं नाही?

रत्नागिरीकर:
तेलाच्या बाबतीत फरक पुसला तर काही बिघडत नाही, इथे बिघडतं. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली की शरीराला ते ४१ च्या आसपास जाणवतं. नुसत्या पाऱ्यावरून आमचे हाल कळत नाहीत. तुमचा कूलर पाण्याचं बाष्प करूनच हवा गार करतो. किनाऱ्यावर हवा आधीच बाष्पाने भरलेली, तिथे तो खोली आणखी चिकट करतो. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश धरतं, किनारपट्टीवर ३७. कोरड्या तापासाठी झळा, रखरख, काहिली असे नेमके शब्द असताना आमचा एकुलता शब्द कशाला पातळ करायचा?

शब्दवेडा:
एकुलता कसा? ‘दमट’ आहे की.

रत्नागिरीकर:
दमट भिंत गारही असते. श्रावणात कपडे दमट राहतात, त्याला कुणी उकाडा म्हणत नाही.

शब्दवेडा:
हे खरं. मुळाच्या बाबतीतही तुमची बाजू भक्कम आहे. संस्कृत ‘क्वथ्’ म्हणजे उकळणे. त्याला ‘उत्’ लागून प्राकृतातून ‘उकडणे’ आलं. काढा आणि कढणे त्याच घरातले. म्हणजे पाणी मुळातच आहे. पण अर्थ बोलणारे ठरवतात, म्हणून माझं मत नागपूरकरांना.

नागपूरकर:
आणि फरक आम्ही पुसलेला नाही! पहिला पाऊस पडून उघडीप झाली की आमचे कूलर निकामी होतात. त्या चिकचिकीला आम्ही ‘उमस’ म्हणतो. उकाडा सगळ्यांचा, उमस दमट हवेची.

पुणेकर:
‘गदमदणे’ कुणालाच आठवत नाही? वळवाआधी आभाळ भरून येतं, झाडाचं पान हलत नाही, तेव्हा आजही घरोघरी ‘किती गदमदतंय’ म्हणतात.

रत्नागिरीकर:
सुंदर शब्द, पण ते गदमदणं सर आली की संपतं. आमचा उकाडा रात्री दोनलाही उशी भिजवतो. उमस तुमच्याकडे खुशाल चालू द्या, कोकणात ती कुणाच्या तोंडी नाही. बातमी लिहिणाऱ्यांनी चंद्रपूरला ‘कडक ऊन’ लिहावं, ही मागणी मी सोडणार नाही.