सांबऱ्याहून निघून पुढचं विमान गाठायचं: वेगळ्या तिकिटांचे अनुभव

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातून आता घरटी कुणी ना कुणी जर्मनीला, दुबईला, नाहीतर अमेरिकेला निघालेलं असतं. मुंबई किंवा बेंगळूरहून परदेशाचं स्वस्त तिकीट मिळालं की ते घ्यायचं आणि बेळगावच्या सांबरा विमानतळापासून तिथपर्यंतचं वेगळं काढायचं, अशीच बहुतेकांची रीत. चार पैसे वाचतात, हे खरंच. पण पीएनआर (बुकिंग क्रमांक) दोन झाले की दुसऱ्या कंपनीचा तुमच्या पहिल्या विमानाशी संबंध उरत नाही. पहिलं कुठल्याही कारणानं रखडू दे, दुसऱ्या काउंटरवर तुम्ही ‘आलाच नाही’ म्हणून नोंदले जाता. त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर बऱ्याच कंपन्या तोही रद्द करतात.

माझं मत असं, की बेळगावकरानं मधला वेळ नुसता तासांत मोजू नये. बेंगळूर ते दिल्ली दिवसभर विमानं असतात. सांबऱ्याहून एखाद्या शहराला दिवसाला एकच, कधी रोजसुद्धा नाही. तेव्हा आपलं विमान रद्द झालं तर नंतर काय आहे, रेल्वे, रात्रीची बस की गाडी, आणि ते वेळेत पोचवतं का, एवढं आधी बघावं. तेवढी जागा मध्ये राहत नसेल तर ते तिकीट मला स्वस्त वाटत नाही.

बहिणीला सोडायला गेलो तेव्हाचं सांगतो. जुलै महिना, ढग अगदी खाली आलेले. बेंगळूरहून येणारं विमान सांबऱ्यावर दोन घिरट्या घालून उतरता न आल्यानं माघारी गेलं. आवाज ऐकू येत होता, विमान दिसत नव्हतं. तासाभरानं फेरी रद्द झाल्याचं सांगितलं. तिचं परदेशाचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं म्हणून निभावलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये जागा नव्हती, स्लीपर बसमध्ये मिळाली. पहाटे बेंगळूरच्या यशवंतपूरला उतरून टॅक्सीनं देवनहळ्ळीचा विमानतळ. आईला मात्र ती आत शिरल्याचा फोन येईपर्यंत चैन नव्हतं. त्याच रात्रीचं तिकीट असतं तर?

तुमचे अनुभव सविस्तर लिहा. किती वेळ ठेवला, कुठं अडलं, काय कामी आलं.

टिळकवाडीहून एक आई:
वेळेबरोबर वजनाचंही बघा. अमेरिकेच्या तिकिटावर लेकीला २३ किलोच्या दोन बॅगा चालत होत्या. बेळगाव ते मुंबईच्या तिकिटावर १५ किलो. तिकिटं वेगळी असली की देशातल्या विमानाला देशातलाच नियम. वरच्या किलोंचे पैसे सांबऱ्याच्या काउंटरवर भरायचे म्हणजे वाचवलेलं सगळं तिथंच गेलं असतं. म्हणून मोठ्या बॅगा घेऊन तिचे बाबा आदल्या रात्रीच बसनं मुंबईला गेले आणि ती हातातली बॅग घेऊन विमानानं. काही कंपन्या पुढचं परदेशाचं तिकीट दाखवलं की जादा वजन कमी दरात देतात, ते ऑनलाइन आधीच विचारून घ्या.

दुसरं, सुकं खोबरं. मसाल्यासाठी म्हणून सासूबाईंनी दोन वाट्या स्टीलच्या डब्यात घालून दिल्या होत्या. मुंबईत बॅग आत गेल्यावर तिच्या नावाचा पुकारा झाला. खोबऱ्यात तेल असतं, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात ते धरतात, त्यामुळं चेक-इन बॅगेत चालत नाही. पोरगी खाली बसून स्वेटर, चादर, चटणीच्या पुड्या एकेक बाहेर काढत होती आणि डबा होता अगदी तळाशी. परत बॅग मिटेना. वेळ भरपूर होता म्हणून ठीक. कुंदा आणि करदंट ही आपली मिठाई मात्र बिनबोभाट पोचली.

खानापूरकर:
मी आखातात नोकरीला. शक्यतो गोव्याहून थेट विमान घेतो, दुसऱ्या तिकिटाचा प्रश्नच नको. पण गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. एक वास्कोजवळ, दुसरा पार पेडण्यात. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून गाडी ठरवू नका. एका तिकिटानं दाबोळीला उतरून दुसऱ्यानं मोपाहून उडायचं असलं जोड-तिकीट तर घेऊच नका. आणि पावसाळ्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचा भरवसा धरू नका. धुकं, खड्डे, एखादा ट्रक आडवा झाला की संपलं. मी त्या चार महिन्यांत गणपतीला येतानासुद्धा आदल्या दिवशीचाच हिशेब धरतो.

बेंगळूरला नोकरी, घर शहापूरला:
बेंगळूरचं टर्मिनल बघून घ्या. सप्टेंबर २०२३ पासून सगळी आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. इंडिगोचं देशातलं विमान टर्मिनल १ ला लागतं, स्टार एअरचं २ ला. म्हणजे बेळगावहून कुठल्या कंपनीनं आलात त्यावर पुढची धावपळ ठरते. दोन्हींमध्ये बस आहे, पण बॅग घेऊन बाहेर येणं, बसची वाट बघणं, पुन्हा दारावर ओळखपत्र दाखवणं, यात तास कसा जातो कळत नाही. आंतरराष्ट्रीय काउंटर सुटण्याच्या तास-सव्वा तास आधी बंद होतो, त्यामुळं तिकिटावर चार तास दिसले तरी हातात तेवढे नसतात.

अथणीहून:
हैदराबादला हा त्रास नाही. एकच इमारत. खाली उतरा, बॅग घ्या, वर जा. आमच्या वडिलांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी आम्ही मुद्दाम हैदराबादच धरतो.

निपाणीकर:
येतानाचं लिहितो, कारण जाताना सगळे सावध असतात, येताना घरची ओढ असते. परदेशातून मुंबईला उतरलं की इमिग्रेशन, बॅग, कस्टम सगळं मुंबईतच. मग देशातलं विमान. माझं मोठं विमान सहारच्या टर्मिनल २ ला उतरलं आणि पुढचं होतं सांताक्रूझच्या टर्मिनल १ वरून. विमानतळ एकच म्हणायचा, पण रस्त्यानं टॅक्सी करून जावं लागतं. बॅगांचा पट्टा फिरतोय, फिरतोय, माझी एक आली, दुसरी येईना. बाजूचे काका म्हणाले, “एक टाकून जा, मागवून घेता येते.” मी थांबलो. मध्ये सहा तास ठेवले होते ते अशा वेळी उपयोगी पडले. टर्मिनल १ ला पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला थोडाच अवकाश होता.

आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुरू झाली आहेत. तेव्हा एका विमानानं तिथं आणि दुसरं सहारहून, असं होऊ शकतं. तिकिटावर विमानतळाचं पूर्ण नाव वाचा. आता मी परतीला मुंबईहून बसच धरतो. कोल्हापूर-कागलकडं रस्त्याच्या कामानं उशीर होतो, पण बस चुकली तर दुसरी असते आणि निपाणीत दारात उतरता येतं.

बेळगावात तिकिटांचा व्यवसाय:
तीन गोष्टी सांगतो.

पोर्टलवर स्वस्त दिसणाऱ्या काही प्रवासांत बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असतं. म्हणजे ती वेगळी तिकिटंच, पोर्टलनं एकत्र दाखवलेली. मध्ये दुबई असेल तर बॅग उचलून पुन्हा द्यायला तुम्हाला युएईत शिरावं लागतं, आणि त्याला व्हिसा लागतो. एका विद्यार्थ्याचे पैसे भरायच्या आत हे दिसलं, नाहीतर पोरगं तिथं अडकलं असतं.

विमानांचं वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं. ऑगस्टमध्ये नोव्हेंबरचं काढलं तर मधला वेळ आपोआप कमी-जास्त होऊ शकतो. उडान योजनेत मार्गाला मिळणारा आर्थिक आधार तीन वर्षांचा, तो सरल्यावर मार्ग बंद झालेले आपण इथं पाहिलेत. महिन्याभरानं तिकीट पुन्हा उघडून बघायची सवय लावा.

आणि विमान चुकलं तरी तिकिटातले कर आणि विमानतळाचं वापरशुल्क परत मागता येतं, डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा) तसा नियम आहे. रक्कम कमी असली तरी मागा. पहिलं विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबणार असेल तर त्या कंपनीनं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा असतो. चुकलेल्या पुढच्या विमानाची भरपाई मात्र ते एकाच तिकीट क्रमांकावर असलं तरच मागता येते. वेगळ्या तिकिटाला ती नाही.

चिकोडीहून:
दोन्ही विमानं एकाच कंपनीची, पण पीएनआर वेगळे असतील तर?

टिळकवाडीहून एक आई:
आमच्या भाच्याचं तसंच होतं. उशीर दिसल्याबरोबर त्यानं सांबऱ्यालाच काउंटरवर दोन्ही कागद दाखवले आणि जागा होती म्हणून त्यांनी पुढच्या विमानात घातलं. पण तो त्यांचा चांगुलपणा, हक्क नाही. बेंगळूरला पोचेपर्यंत थांबू नका, इथंच बोला.

हिंदवाडीहून:
माझा मुलगा ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच चाललाय. मुंबईहून रात्री २ चं विमान, १४ तारखेचं. बेळगावहून १४ च्या सकाळचं तिकीट काढू का? मध्ये डोंबिवलीला मावशी आहे.

धागा काढणारा:
काकू, रात्री २ म्हणजे १३ तारखेची रात्र सरतानाची. १४ ला सकाळी इथून निघाला तर विमान केव्हाच गेलेलं असेल. १३ ला रात्री ११ पर्यंत तो सहारला पाहिजे. ऑगस्ट आहे, त्यामुळं १२ लाच निघू द्या, विमान रद्द झालं तरी त्या रात्रीची बस हातात राहते. मावशीकडं मुक्काम होईल. डोंबिवलीहून सहारला एरवी दोन तास धरा, पावसात तीन, आणि खोबरं देऊ नका.