गाजर गवत उपटून महिना झाला, तरी खाज का थांबत नाही?

प्रश्न (यावल): केळीच्या बांधावरचं गाजर गवत काढल्यापासून वडिलांच्या मानेला, पापण्यांना, कोपराच्या खोबणीत लाली आणि खाज आहे. आता कातडी जाड, काळपट होत चालली.

उत्तर (चोपडा): भाऊ, गवतातलं पार्थेनिन नावाचं रसायन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं, शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशी ते ओळखून ठेवतात. पुढच्या संपर्कानंतर सूज 1-2 दिवसांनी उठते, म्हणून कारण ध्यानात येत नाही. ही ओळख जपणाऱ्या काही टी-पेशी, म्हणजे स्मृतिपेशी, तर कातडीतच मुक्काम ठोकतात. त्यात खाजवलं की वरचा थर फाटतो, सूज वाढवणारी रसायनं सुटतात, पुन्हा खाज. जाडी त्यातूनच येते.

उत्तर (धुळे): वाळलेल्या गवताचा भुगा हवेतूनही येतो, शेजारचा बांध बघा. पूर्ण बाही, हातमोजे, मानेला रुमाल. कपडे वेगळे धुवा. मेडिकलवरची खाज-गजकर्णाची मिश्र ट्यूब नकोच. त्यातल्या स्टेरॉइडनं कातडी पातळ पडते, पापणीवर तर काचबिंदूचा धोका. डॉक्टरांनी दिलेलं मलम बोटाच्या शेवटच्या पेरभर घ्या, अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

उत्तर (चोपडा): पॅच टेस्टही करा, म्हणजे कशाची अ‍ॅलर्जी आहे ते पट्टी लावून बघायची चाचणी, पण थंडीत. पट्टी पाठीवर 48 तास कोरडी राहायला हवी. मे महिन्यात आपल्याकडे घामानंच सुटते.