थारला मोठे टायर घालताय? मग चार नको, पाच घ्या

करवीरकर
महिंद्रा थारच्या 16 इंची रिमवर कंपनीचा टायर येतो 245/75 आर16. आपल्या कोल्हापुरात आता बरेच जण 265/75 आर16 चढवायला लागलेत. चढवा, गाडी दिसते पण भारी. पण चार नवे घालून मागच्या दाराला जुनीच स्टेपनी ठेवू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

हिशेब करून बघा. जुन्या टायरची उंची 774 मिमी, नव्याची 804. जुनं चाक किलोमीटरला साधारण 411 फेरे घेतं, नवं 396. मागं एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते बसलं, की सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी) सतत वळणावर असल्यासारखं राबत राहतं. इथनं गगनबावडा 55 किमी धरला तर 800 च्या वर फेऱ्यांचा फरक. त्यात कुणी फोर-हाय (चारही चाकांना ताकद) टाकली तर विचारूच नका. थारला मधलं डिफरन्शियल नाही, फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात. चिखलात चाक घसरतं आणि ताण निघून जातो. डांबरावर तो ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. पाचव्या टायरनं बिल पावपट वाढेल, ते परवडलं.

घाटवाट
भावा, हिशेब बरोबर, पण स्टेपनी कशासाठी असते? पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला. ट्यूबलेसला खिळा घुसला तर चाक न काढता जागेवरच भोकात रबरी स्ट्रिप मारायची, 12 व्होल्टच्या पंपानं हवा भरायची आणि निघायचं. सरकारनंसुद्धा 2020 साली नियम बदलून, पंक्चर काढायचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूट दिली.

आणि लहान स्टेपनी लावायचीच झाली तर पुढं लावायची. टू-हायमध्ये थारची ताकद मागच्या चाकांना जाते. मागचं पंक्चर झालं तर पुढचं मोठं चाक मागं न्यायचं, स्टेपनी पुढं. मागचं डिफरन्शियल वाचलं. पाचवा जड टायर दाराला टांगून बिजागऱ्यांवर वजन कशाला वाढवायचं?

करवीरकर
पुढं लावायची युक्ती चांगली आहे, नव्यानं गाडी घेतलेल्यांनी ध्यानात ठेवावी. पण तिच्यासाठी जॅक दोनदा लावावा लागतो. भुईबावडा घाटात, उतारावर, पावसात आणि धुक्यात, घरची माणसं गाडीत असताना हे करायचं? मला पटत नाही.

किटचंही तसंच. स्ट्रिप चालते ती खिळ्याला, तीही टायर जिथं रस्त्याला टेकतो तिथंच. दगडानं साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू फाटली की स्ट्रिपचा उपयोग नाही. आणि हे मोठे टायर आपण घेतो कुठं जायला? दगडातच ना? शिवाय त्या सवलतीत नुसतं किट पुरत नाही, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणाही गाडीत लागते.

उद्यमनगरी
दोघंही स्टेपनीवर भांडताय, मला मुळात मोठा टायरच नको वाटतो. उंची 30 मिमी वाढली तरी गाडी जमिनीपासून फक्त 15 मिमी उचलली जाते, कारण वाढीतली निम्मी एक्सलच्या वर जाते. त्या 15 मिमीसाठी काय काय सोसायचं? मीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा सुमारे 4 टक्के जास्त पळत असते. किलोमीटर कमी मोजले जातात, म्हणून अॅव्हरेज पडलेलं दिसतं, आणि जड चाकामुळं खरंच पडतंही. घाटात चढाला खालचा गिअर लवकर टाकावा लागतो. ब्रेक तेच, चाक मोठं. स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चाक दगडावर चढवून बघा, आत घासतंय का ते तेव्हा कळतं. शोरूमसमोरच्या सपाट फरशीवर कळत नाही.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय, कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाबाहेर बदल चालत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीनं टायरवर बोट ठेवलं तर? त्याच साईजमध्ये चांगला ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारा) घ्या. पकड टायरच्या नक्षीतनं येते. स्टेपनीचा प्रश्नच उरत नाही, पाचही सारखे राहतात. उंचीच पाहिजे असेल तर कंपनीनंच थारला 255/65 आर18 दिलाय, तो 789 मिमीचा.

करवीरकर
कलम 52 चं मान्य. विमा कंपनीला आधी लेखी कळवूनच काय तो बदल करावा. पण 18 इंचावर गेलात तर साइडवॉल 184 वरून 166 मिमीवर येते. दगडात रिम वाचवायला तीच जाड पाहिजे.

गूळवाला
आमचं रान काळ्या मातीचं. गळीत हंगामात गाडी रोज सरीच्या कडेनं जाते. तिथं उंचीपेक्षा नक्षी आणि हवा महत्त्वाची. हवा थोडी उतरवली की टायर पसरतो आणि गाडी निघते, डांबरावर यायच्या आधी परत भरायची. म्हणून मी उद्यमनगरीच्या बाजूचा, साईज बदलत नाही.

पण पाच टायरचं करवीरकर बरोबर बोलतायत, कारण वेगळं. पाचही एक साईजचे असले तर दर 10,000 किमीला पाचही फिरवता येतात. पाचांवर झीज वाटली जाते, म्हणजे पाचवा फुकट पडून राहत नाही. वेगळ्या साईजची स्टेपनी मागं उन्हात वाळत बसते. टायरवर चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. आपापल्या स्टेपनीवरचे आज बघा.

घाटवाट
फिरवण्याचा मुद्दा वजनदार आहे, तो मी धरला नव्हता. तरी वर्षातनं दोनदा घाट उतरणाऱ्याला पाचवा टायर घ्यायला लावणं मला जास्तीचं वाटतं. त्यानं किट ठेवावं, लहान स्टेपनी ठेवावी, फोर-हाय टाकू नये आणि पहिल्या दुकानापर्यंत सावकाश जावं.

करवीरकर
दोनदा उतरणाऱ्यानं मोठे टायर घेऊच नयेत, तिथं मी उद्यमनगरीबरोबर आहे. जो घेणार आहे त्यानं पाच घ्यावेत. आणि घेतल्यावर दुकानातच कंपनीचा जॅक लावून बघा. हवा गेलेलं चाक काढून हवा भरलेलं मोठं चाक आत सरकवायला तो पुरेसा उचलतो का? नसेल तर खाली ठेवायची जाड फळी आजच डिकीत टाका.