मदत हवी आहे: गच्चीवरील मोबाइल अँटेना झाकण्यासाठी कोणते आवरण पावसाळ्यात टिकते?

गिरगावातील आमच्या चार मजली जुन्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल कंपनीचे तीन खांब आहेत. दर्शनी भागाच्या दुरुस्तीसोबत ते नजरेआड करावेत, असे सोसायटीने ठरवले असून कंपनीचीही तत्त्वतः संमती आहे.

अमेरिकेत १९९२ पासून झाडाच्या रूपातले टॉवर उभारले जातात. परंतु गिरगावच्या कौलांवर प्लॅस्टिकच्या झावळ्यांचा माड उभा करणे म्हणजे सोंगच होईल. म्हणून पाण्याच्या टाकीसारखी पेटी आम्हाला अधिक शोभेलशी वाटते. पत्रा रेडिओ लहरी अडवतो, त्यामुळे तो बाद आहे. काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या आवरणातून लहरी पुष्कळशा आरपार जातात, हे समजून घेऊन आम्ही दोन कारागिरांकडून अंदाजपत्रके घेतली. मात्र भिंतीची जाडी आणि रंगातील धातूचे प्रमाण यांविषयी दोघांनाही नेमके सांगता आले नाही. नुसता रंग देऊन पाहिला, पण आकाशाच्या पार्श्वभूमीवर खांब तसेच उठून दिसतात.

संरचना अभियंत्याने गच्चीची तपासणी केली असून वजनाची अडचण नाही. वाऱ्याचा दाब मात्र त्याला आवरणाचा आकार ठरल्यावरच मोजता येईल. आरोग्याविषयीची चर्चा कृपया येथे नको, तो विषय सभेत झाला आहे.

समुद्राच्या खाऱ्या हवेत असे आवरण बसवल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास, ओल्या पृष्ठभागामुळे पावसाळ्यात सिग्नल कितपत घटला, आणि भिंतीची जाडी व अँटेनापासूनचे अंतर किती ठेवले होते?