वेटरने टिपची कमाई रिटर्नमध्ये दाखवावी का?

मांडवीकाठ
गोव्यातल्या मोठ्या हॉटेलांत काम करणारी मुलं आयकर रिटर्न भरायला बसली की एक प्रश्न हमखास विचारतात: 'टिप पण लिहायची का?' माझं उत्तर, लिहायची. सरकारी तिजोरीची काळजी म्हणून नव्हे, त्या मुलांच्याच भल्यासाठी.

आधी कायदा. आयटीसी लिमिटेड विरुद्ध आयकर आयुक्त या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये दिला. गिऱ्हाइकाने कार्डाने, बिलासोबत दिलेली टिप हॉटेलच्या खात्यात जमा होते आणि नंतर कर्मचाऱ्यांत वाटली जाते. हा पगारच आहे, तेव्हा हॉटेलने त्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा कर) कापायला हवा होता, असं आयकर खात्याचं म्हणणं. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्य केलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने फिरवलं. पैसे देणारं गिऱ्हाईक, हॉटेल म्हणजे फक्त मधला विश्वस्त, आणि नोकरीच्या करारात टिपवर कसलाही हक्क दिलेला नाही, म्हणून हा पगार नव्हे. निकालाचा एवढा भाग सगळे सांगतात. पण त्याच निकालात असंही आहे की कर्मचाऱ्याच्या हातात ही रक्कम 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' ठरते. म्हणजे फॉर्म १६ मध्ये (मालक देतो त्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्यात) ती दिसणार नाही; स्वतःहून दाखवावी लागेल.

बहुतेकांना कर भरावाच लागत नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. मात्र ४ लाखांच्या वर गेलात की रिटर्न भरणं बंधनकारक आहे. कर शून्य असताना खरी कमाई कागदावर का आणू नये?

खानावळ
पूर्ण असहमत. तुम्ही पंचतारांकित हॉटेलांबद्दल बोलताय. आमच्याकडे काउंटरवर टिपचा डबा असतो, रात्री शटर ओढल्यावर तो रिकामा होतो आणि भांडी घासणाऱ्यापासून कॅप्टनपर्यंत (वेटरांच्या प्रमुखापर्यंत) वाटणी होते. कोणाला किती मिळाले याची चिठ्ठीसुद्धा नसते. गणपतीत खच्चून, श्रावणात जवळजवळ काहीच नाही. त्या पोराने कोणता आकडा लिहायचा? अंदाजाने लिहिला आणि उद्या खात्याने पुरावा मागितला तर तो कुठून आणणार? आणि टिप म्हणजे गिऱ्हाइकाने खुशीने दिलेली भेट. वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या भेटी करमुक्त आहेत ना?

जमाखर्च
खानावळ, ती ५०,००० ची सवलत मोबदल्याशिवाय मिळालेल्या पैशांना आहे. टिप सेवेपोटी मिळते. तिच्या आधाराने टिप लपवायचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

पुराव्याचं म्हणाल तर रोज घरी गेल्यावर वहीत तारीख आणि रक्कम लिहायची, एवढं पुरेसं आहे. त्याच वेळी लिहिलेली वही नंतर जुळवलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम. 'सहज' म्हणजे आयटीआर-१ या रिटर्नच्या साध्या फॉर्ममध्ये इतर स्रोतांची जागा आहेच, वेगळा फॉर्म लागत नाही.

मांडवीकाठ यांनी भलं कोणतं ते सांगितलं नाही, मी सांगतो. गृहकर्जाला बँक गेल्या दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. त्याहून गंभीर म्हणजे रात्री उशिरा काम संपवून दुचाकीने घरी जाणारी ही मुलं. अपघातात कोणी गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई मृताच्या उत्पन्नावरून काढतं आणि रिटर्न हा त्याचा मोठा पुरावा असतो. रिटर्नमध्ये फक्त पगार असेल तर टिपची कमाई सिद्ध करण्याचं ओझं त्याच्या बायकोवर येतं.

हडसनपार
न्यू जर्सीतून लिहितेय. इथे २०२५ च्या कायद्याने पात्र टिपवर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत वजावट दिली आहे, २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी. 'टिपवर कर नाही' अशी घोषणा ऐकून अनेकांना वाटलं की आता सांगायचीही गरज नाही. तसं नाही. महिन्यात २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली की पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला कळवावी लागते, आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) व मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) यांचे मिळून ७.६५ टक्के कापले जातात. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन नोंदलेल्या कमाईवरच ठरतं. त्यामुळे मी मांडवीकाठ यांच्या बाजूची.

खानावळ
ताई, तिथलाच दुसरा नियमही सांगा. टिप मिळते म्हणून मालकाला तासाला फक्त २.१३ डॉलर रोख पगार देण्याची मुभा संघीय कायद्यात आहे, आणि १९९१ पासून तो आकडा हललेला नाही. माझी भीती हीच आहे. टिपची लेखी नोंद झाली की मालक म्हणणार, 'वरकमाई चांगली आहे की, पगार कशाला वाढवू?' तुमच्याकडे निदान पेन्शनमध्ये तरी टिप धरली जाते. इथे पीएफ पगारावर कापला जातो, टिपवर नाही. म्हणजे नोंदीची मेहनत पोराची, आणि म्हातारपणी तिचा उपयोग नाही. अपघाताचा मुद्दा मात्र मला पटला, तो खोडायला माझ्याकडे काही नाही.

हडसनपार
२.१३ चं खरं आहे. टिप धरूनही ७.२५ डॉलरचं संघीय किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ही मुभाच नाही, तिथे पूर्ण किमान वेतन आणि वर टिप.

मांडवीकाठ
खानावळ, पगाराबद्दलची तुमची भीती खरी आहे, पण रिटर्न वेटर आणि आयकर खाते यांच्यातलं असतं. तो मालकाला दाखवावा लागत नाही. डब्याची वाटणी तर मालक आजही डोळ्यांनी पाहतोच, त्याला नवं काय कळणार?

कार्डाने आणि यूपीआयने आलेल्या टिपचा हिशेब मात्र हॉटेलकडेच असतो. मग वर्षाअखेरीस प्रत्येकाला किती वाटले, एवढी सही-शिक्क्याची चिठ्ठी हॉटेलने का देऊ नये? यासाठी कायदा बदलायची गरज नाही. युनियन असलेल्या हॉटेलांत पुढच्या करारात ही मागणी ठेवता येईल.

खानावळ
अशी चिठ्ठी मिळत असेल तर कार्डाची टिप दाखवायला माझी हरकत नाही. डब्यातल्या रोकडीबद्दल माझं मत तेच राहील.