लेकीला बॅले शिकायचंय, लातुरात सुरुवात कशी करावी? बजेट २००० रुपये

गंजगोलाईवाली : लेक साडेआठ वर्षांची. मोबाईलवर बघून घरभर टाचा उचलून चालायली आहे. इथं बॅलेचा क्लास मला तरी सापडला नाही, जिकडं बघावं तिकडं नीट आणि जेईईच्या पाट्या. तूर्त व्हिडिओ बघून घरीच करून घ्यावं म्हणते. बूट कॅनव्हासचे घ्यावे का चामड्याचे? आणि आधी काय शिकवायचं? घरात शहाबादी फरशी आहे. सगळं मिळून दोन हजार, त्यातलंच सांगा.

जालन्याचा_पत्रा : आधी भिंतीला बार लावून घ्या. आमच्या पोरीसाठी मी जीआय पाइप आणला, वेल्डरकडून ब्रॅकेट मारून घेतले. गिलावा निघाला म्हणून गवंडी बोलवावा लागला, सगळं मिळून साडेचार हजार गेले. पण काम असं मजबूत की मी स्वतः लोंबकळून बघितलंय.

घुंगरू_अंबाजोगाई : बारला लोंबकळायचं नसतं हो दादा. हात नुसता टेकवायचा. आणि दोन हजारांत साडेचार हजारांचा पाइप कसा बसवायचा ताईंनी?

पुण्यात_नांदेडचा : सरळ पुण्याला आणा. भाचीला घातलंय क्लासला. पुण्या-मुंबईत लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा अभ्यासक्रम शिकवणारे भेटतात, १९२० पासूनची संस्था आहे. शनिवार-रविवार रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं ये-जा करता येते.

गंजगोलाईवाली : दादा, दोन हजार म्हणलंय मी.

परभणी_पाऊल : आम्ही पुढून कडक असलेले पॉइंट शूज मागवले ऑनलाइन. फोटोत झकास दिसायले होते. पोरीच्या अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली, आणि विकणारा म्हणतो वापरलेला माल परत घेत नाही. बॅलेच नको, स्केटिंग लावा.

उदगीरची_सून : मी लहानपणी मुंबईत बरीच वर्षं शिकलेय. पॉइंट शूजचं नाव आत्ता काढूच नका. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी नाहीच, आणि तेव्हाही काही वर्षं शिकून झालेलं असलं आणि बाईंनी पाय तपासून हो म्हणलं तरच. हाडं अजून भरायची असतात, घोट्यात ताकद लागते.
बूट कॅनव्हासचे, अख्ख्या तळव्याचे घ्या. तळवा दोन तुकड्यांत असलेले दिसायला छान, पण नव्या पायाला अख्खा तळवा बरा, पायाला काम पडतं. साटीनचे नको, ते स्टेजवरच. वाढत्या पायाला म्हणून मोठा नंबर घेऊ नका, बूट मोज्यासारखा बसला पाहिजे. कागदावर पाऊल आखून सेंटिमीटर मोजा आणि विकणाऱ्याच्या तक्त्याशी जुळवा.

बीडचा_बाबू : टाकाऊ खर्च. अनवाणी करू द्या.

जालन्याचा_पत्रा : पॉइंट शूज नको हेच मी सांगणार होतो.

औंढा_नाना : आपलं भरतनाट्यम, कथक सोडून हे कशाला? आणि बॅले म्हणजे पोरींचंच.

उदगीरची_सून : नाना, पोरींचंच कसं? फ्रान्सचा चौदावा लुई राजा स्वतः दरबारात नाचायचा. त्यानंच १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली आणि पायांच्या पाच पोझिशन त्याच्या पदरच्या पियर बोशाँनं बसवल्या, असं मानतात. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी स्टेजवर आल्या त्या १६८१ मध्ये.

घुंगरू_अंबाजोगाई : आणि नाना, भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघे बाहेर काढून अर्धं बसतात, प्लिए म्हणजे तेच की. इथं भरतनाट्यमला घाला, पाया तयार होईल.

उदगीरची_सून : दिसायला सारखं, काम वेगळं. अरमंडीत खाली राहून पाय आपटायचा. प्लिएत वाकायचं ते परत वर उठायला.
ताई, तुमचा दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही. पहिली पोझिशन : टाचेला टाच, पंजे बाहेर. दुसरी : तेच, पण टाचांमध्ये एका पावलाएवढं अंतर. तिसरीत एका पायाची टाच दुसऱ्याच्या मध्याशी टेकते. चौथी-पाचवी सध्या राहू द्या. पाचवीत एकाची टाच दुसऱ्याच्या बोटांशी यावी लागते, ती ओढूनताणून करताना पोरं गुडघा पिळतात. बाहेर वळायचं ते खुब्यातून. पंजे फरशीवर रेटून सरळ रेषा करायची नाही. बघायचं असं : पहिल्या पोझिशनमध्ये तिला गुडघे वाकवायला सांगा, टाचा खालीच. हे डेमी-प्लिए. गुडघे बोटांच्या रेषेत राहिले तर ठीक, आत पडायले तर पंजे जरा मिटवा. पार खाली बसतात त्या ग्रां प्लिएत टाचा उचलतात, फक्त दुसऱ्या पोझिशनमध्ये नाही. ते नंतर.
मग तांद्यू. पाय जमिनीवरून घासत पुढं न्यायचा. टाच आधी सुटते, मग चवडा, बोटांचं टोक टेकलेलंच राहतं. येताना उलट क्रमानं. आणि रलवे, म्हणजे चवड्यावर उभं राहणं. जड खुर्चीच्या पाठीला हात टेकवून एवढंच करा. फरशीवर उड्या बिलकुल नको, नडगी दुखायला लागते.

सेलू_वाडा : उड्यांसाठी आमच्याकडं माळवद आहे. माती-लाकडाचं, पायाला मऊ. पोरं तिथंच नाचतात.

घुंगरू_अंबाजोगाई : खाली स्वयंपाकघर आहे का? आमच्या सासूबाईंच्या परातीतल्या ज्वारीच्या पिठात माती पडली होती, पोरं वर नुसती लंगडी खेळायली होती.

सेलू_वाडा : खाली बैठक आहे. पाहुणे आले की बंद करतो.

पुण्यात_नांदेडचा : लाकडी, खाली पोकळी असलेलं फ्लोअर करून घ्या एका खोलीत. चाळीसेक हजार जातील, पण एकदाच.

गंजगोलाईवाली : सगळ्यांचे आभार. बूट मागवले. पोरीनं साटीनचे गुलाबीच धरून ठेवले. एक नंबर मोठे घेतलेत, पाय वाढायलाय तिचा. भरतनाट्यमला जाणार नाही म्हणते, व्हिडिओवरच करू. खुर्ची आहे घरात.

उदगीरची_सून : साटीन. आणि वर मोठे. बरं, निदान इलास्टिक नीट शिवा. बुटाची टाच आत दुमडा, घडी जिथं बाजूला येते तिथं टाका घाला, नाहीतर तांद्यू करताना बूट मागंच राहील.

परभणी_पाऊल : साटीनच्यांची लिंक टाका ताई.