उन्हाळ्यात तग धरणारी फुलझाडं: तुमच्या अंगणात काय जगलं, काय गेलं?

टिळकवाडी, बेळगाव (धागा काढणारी)

गेल्या एप्रिलात माझ्या गच्चीवरचे चार गुलाब आणि एक डबल जास्वंद गेली. नळाला पाणी येईल त्या दिवशी बॅरल भरायचा, त्यातनं आधी स्वयंपाक, मग अंघोळी, उरलंसुरलं झाडांना. तरी देवाला घरची फुलं हवीतच. म्हणून विचारते, मे महिन्यात तुमच्याकडं खरोखर काय फुललं? माती कसली? पाणी किती दिवसांनी? नुसती नावं नकोत, ती नर्सरीवाला पण सांगतो.

माझ्यापासून सुरू करते. सदाफुली जगली, पण मी लावलेली नव्हे. गच्चीच्या फटीत आपोआप उगवलेली. कुंडीतल्या सदाफुलीला मायेनं रोज पाणी घातलं, ती बुडातनं काळी पडून आडवी झाली.

अथणी भाग

आमच्याकडं चाळीस अंशाचं कुणाला काही वाटत नाही. काळी माती. एप्रिलात भेगा पडतात, बोटं आत जातील एवढ्या. भेग पडली की बारीक मुळं तुटतात आणि खालची ओल त्याच वाटेनं उडून जाते. त्यामुळं कुठलं फूल लावू हा प्रश्न नंतरचा, आधी जमीन झाका. उसाचं पाचट लोक पेटवून देतात, मी ते वाफ्यावर वीतभर जाड पसरतो. भर दुपारी पाचट सारून हात घातला तर खाली माती गार लागते. वाळवीची भीती असते, म्हणून खोडापासून चार बोटं लांब ठेवतो.

फूल म्हणाल तर गलांडा. बी नोव्हेंबरात टाकलं, थंडीतच मुळं खाली गेली. मार्चनंतर आठ दिवसांनी एकदा वाफा भिजवायचा, वाळलेली फुलं खुडत राहायची, पाऊस येईपर्यंत लाल-पिवळं चालूच. माझ्या भावानं हाच गलांडा मार्चअखेर नर्सरीतनं आणून शेजारच्या वाफ्यात लावला. दिवसातनं दोनदा पाणी घातलं, तरी पंधरा दिवसांत काडी झाली. पाण्यावाचून राहणारं रोप असलं तरी मुळं धरायला त्याला आधी पाणी आणि गारवा लागतोच की.

कुंपणाला तांबडी कण्हेर आहे, तिला दोन वर्षांनंतर मी बघतसुद्धा नाही. शेळ्या तोंड लावत नाहीत, कारण सगळं झाडच विषारी. घरात रांगतं पोर असेल तर लावू नका.

निपाणी

ऑफिस टाइमचं फूल (पोर्तुलाका). तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, बुडाला भोकं पाडून. नऊला उघडतं, दुपारनंतर मिटतं, साहेबासारखं. पान बोटांत चिरडून बघा, सगळं पाणीच. तुकडा मोडून खोवला की लागतो. सावलीत मात्र फूल उघडत नाही, तिथं उगाच जागा अडवू नका.

खानापूर

तुम्हाला काय, तुमच्याकडं पाऊस धो धो, असं सगळे म्हणतात. पण आमची तांबडी माती पाणी धरत नाही. जूनमध्ये वाहून जातं आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. दोन्ही टोकं एकाच अंगणात! अडेनियम घेतलं होतं, बुंधा कसा गुबगुबीत, उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस विसरले तरी फुलं. जुलैत तोच बुंधा दाबला तर बोट आत गेलं, कुजक्या बटाट्यासारखं. या भागात उन्हाळा सोसणारं झाड निवडताना पावसाळ्यात त्याला ठेवणार कुठं, हेही बघावं लागतं. आता दुसरं घेतलंय. निम्मी माती, निम्मी जाड वाळू, आणि मिरग आला की कुंडी ओसरीच्या छपराखाली.

पांढरा चाफा मात्र दोन्ही सोसतो. पानं झाडून बसतो आणि उघड्या फांद्यांवर फुलतो. जागा असेल तर दुसरं काही बघूच नका, हे माझं मत.

संकेश्वर

बोगनवेलीची गंमत. मामंजी रोज धुण्याचं पाणी घालायचे, वेल गच्चीपर्यंत हिरवी, फूल एक नाही. मग ते तीन आठवडे लेकीकडं पुण्याला गेले आणि पाणी घालायचं आमच्या डोक्यातनंच गेलं. परत आले तर दारात सगळं गुलाबी. अजून त्यांना वाटतं, सुनेनं खत घातलं. (रंगीत ती पानंच असतात म्हणे, खरं फूल आतलं पांढरं इवलंसं.)

शहापूर, बेळगाव

अबोलीचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? आमच्या शेजारच्या अक्का तिला कनकांबर म्हणतात. त्यांचं झाड माझ्याच बियांचं. अबोली पाण्यावाचून राहते असं मी म्हणणार नाही. दुपारी माना टाकते, पण दिवसाआड संध्याकाळी तांब्याभर दिलं की सकाळी उभी. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा द्या. मे महिन्यातही माझा गजरा घरचा असतो.

बी धरायचं असेल तर वाळल्या शेंगा वाटीत घेऊन वरनं पाणी शिंपडा आणि ताट झाका. झाकाच, नाहीतर बी घरभर उडतं.

टिळकवाडी (धागा काढणारी)

गुलाबाच्या कुंड्या यंदा रिकाम्याच ठेवते, गलांड्याचं बी नोव्हेंबरात. शहापूरच्या काकूंकडनं आज मूठभर शेंगा आणल्या आणि त्यांनी सांगितल्यासारखं केलं. मिनिटभर काहीच नाही, मग ताटाखाली टिक, टिक, टिकटिक. पोरगं ताट उचलायला गेलं, एक बी थेट वरणात.